मिस्त्रींचा एकशे वीसचा कोन

फरशी बसवणाऱ्या माणसाचं आयुष्य गुडघ्यावर जातं. मिस्त्रींची सव्वीस वर्षं तशीच गेली होती. समोरच्या भिंतीपासून सुरुवात करायची, एकेक फरशी बसवत मागे मागे सरकायचं आणि शेवटी दारातून उलटं बाहेर पडायचं, हे त्यांचं काम. गंमत अशी, की स्वतः बसवलेल्या फरशीवरून मिस्त्री फारसे कधी चाललेच नव्हते. खालचा सिमेंटचा माल ओला असताना तिथे पाय ठेवायचा नसतो, आणि सुकल्यावर तिथे दुसरेच लोक राहायला येतात.

माणूस कामाला वाघ, पण मापाच्या बाबतीत महाकिचकट. इंचाचे आठ भाग केले तर त्यातला एक म्हणजे सूत. तेवढ्या सुताचा फरक पडला तरी मिस्त्री बसलेली फरशी उचलणार, खालचा माल खरवडणार आणि पुन्हा बसवणार. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी नजर आधी खाली, मग यजमानाकडे. त्यांचा साडू, म्हणजे मिस्त्रीणबाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा, पंधरा वर्षं त्यांच्या जोडीला काम करत होता. भिंतीच्या फरश्या साडूच्या, जमिनीच्या मिस्त्रींच्या, अशी वाटणी होती. साडूचं काम उभ्याने चालायचं, त्यामुळे त्याच्या तोंडालाही उसंत नसायची.

"दादा, वरून चालणाऱ्याला काय कळतंय एक सूत?" तो विचारायचा.

"मला कळतंय ना," मिस्त्री म्हणायचे, आणि विषय संपायचा.

मिस्त्रींच्या पिशवीत थापी, रबरी हातोडा, दोरी, लेव्हल असं सगळं असायचं, पण जीव होता तो एका लोखंडी कोनपट्टीवर. दोन पट्ट्या एका स्क्रूने जोडलेल्या, आणि जोडावर अंशांचे आकडे कोरलेली अर्धगोल तबकडी. भिंतीचा कोपरा वाकडा असला की ही पट्टी त्यात उघडायची, आकडा वाचायचा आणि त्या कोनात फरशी कापायची. काटकोनी कोपरा असेल तर नव्वद, त्याहून फाकलेला असेल तर शंभर, एकशे वीस, आणि सपाट भिंत म्हणजे एकशे ऐंशी. ही पट्टी त्यांना त्यांच्या वस्तादांनी दिली होती, आणि तिने आजवर त्यांना कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

मग एक दिवस टेम्पोतून फरश्यांचं खोकं उतरवताना त्यांचा उजवा पाय रस्त्यावरच्या खड्ड्यात अडकला. पाय तिथेच राहिला आणि वरचं अंग वळलं. गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला, तो टेम्पोवाल्यानेही ऐकला. मिस्त्री खाली बसले, पण हातातलं खोकं सोडलं नाही. त्यातली एकही फरशी फुटली नाही. गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट मात्र पार तुटलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मांडीच्या मागच्या स्नायूचा एक दोर काढला, हाडांत बोगदे पाडले आणि त्यातून तो ओवून नवं लिगामेंट तयार केलं. बोगदे आणि दोरी म्हटल्यावर मिस्त्रींना हे काम आपल्याच जातकुळीतलं वाटलं. डॉक्टर म्हणाले, "माझं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं तुमचं आणि व्यायामाच्या मॅडमचं."

व्यायामाची मॅडम म्हणजे दवाखान्याच्या तळमजल्यावरची, पंचविशीतली, केस घट्ट बांधलेली मुलगी. पहिले चार आठवडे मिस्त्री तिच्याकडे नेमाने गेले. तिने गुडघा हळूहळू वाकवत काटकोनापर्यंत आणला. पायाला बिजागरीचा पट्टा होता. त्या बिजागरीवर एक गोल चकती होती, चकतीला भोकं होती, आणि ज्या भोकात खुंटी घालाल तेवढाच गुडघा वाकायचा. चौथ्या आठवड्यात मॅडमने खुंटी नव्वदच्या भोकात घातली. मिस्त्रींनी घरी जाऊन आपली कोनपट्टी लावून बघितली. बरोबर नव्वद. मॅडमबद्दल त्यांचं मत एकदम चांगलं झालं.

पुढच्या व्यायामाचा कागद मॅडमने लिहून दिला होता. त्यावर होतं: पुढचा टप्पा एकशे वीस, मग एकशे पस्तीस, रोज तीन वेळा झोपून टाच अंगाकडे ओढा, आणि चार आठवड्यांनी दाखवायला या. पण दवाखाना दोन बस बदलून जायच्या अंतरावर, आणि इकडे वाचनालयाच्या मोठ्या दालनाचं काम सुरू झालेलं. काळ्या-पांढऱ्या फरश्या, तिरप्या बसवायच्या, अशी कामं रोज मिळत नाहीत. जमिनीसाठी साडूने तात्पुरता एक दुसरा कारागीर आणला होता. तो ताडमाड उंच असल्यामुळे सगळे त्याला लंबू म्हणायचे. मिस्त्री खोक्यावर बसून लंबूच्या कामावर नजर ठेवायचे. कागदावर सगळं लिहिलेलं आहे, मग जायचं कशाला, असं त्यांनी ठरवलं.

आणि इथे त्यांच्या अकलेने घोळ घातला. एकशे वीस करायचं म्हणून त्यांनी कोनपट्टी एकशे वीसवर उघडली आणि पायाशी धरली. पाय नव्वदपेक्षा सरळ करावा लागला. मिस्त्रींना ते अगदी पटलं. आधी काटकोन, मग थोडं फाकवायचं, मग आणखी, असं करत करत शेवटी एकशे ऐंशी म्हणजे सरळ पाय. सरळ पायानेच तर माणूस चालतो. मग त्यांनी पट्ट्याची चकती बघितली, तर तिच्यावर या जागेला साठ लिहिलेलं. "कंपनीने आकडे उलटे छापलेत," ते बायकोला म्हणाले, आणि खुंटी काढून साठच्या भोकात बसवली. कंपनीची चूक आपण सुधारली याचा त्यांना तीन-चार दिवस आनंद होता.

मॅडमचा फोन दोनदा आला.

"काका, किती झालं?"

"एकशे वीस. मापून सांगतोय."

"अरे वा! शाब्बास काका! मग घरात पट्टा काढला तरी चालेल. पण एकदा दाखवून जा."

"काम आटोपलं की येतो," मिस्त्री म्हणाले. सांभाळून राहिलेलं बरं म्हणून पट्टा मात्र त्यांनी उठल्यापासून झोपेपर्यंत घातला. टाच ओढायची ती एकशे वीस दिसेपर्यंत, म्हणजे नावाला. एवढा सोपा व्यायाम करून लोक का रडतात, हे त्यांना समजेना.

बाराव्या आठवड्यात ते दालनात पट्टा काढून उभे राहिले. लंबू पाणी प्यायला गेला होता. समोर ताजा पसरलेला माल होता, आणि सव्वीस वर्षांची सवय गप्प बसू देईना. मिस्त्रींनी डावा गुडघा टेकला. मग उजवा. उजवा अर्ध्यावर आला आणि थांबला. त्यांनी जोर लावला, तेव्हा गुडघ्याच्या आत कुणी छिन्नी धरून वर घाव घातल्यासारखी कळ उठली. डोळ्यांपुढे अंधारी आली. हात मालात रुतले आणि मिस्त्री एका कुशीवर ओल्या सिमेंटात पडले.

साडू भिंतीपासून धावत आला. त्याने त्यांना उठवून खोक्यावर बसवलं, अंगावरचा माल पुसला, आणि बराच वेळ काही बोलला नाही. साडू गप्प बसला म्हणजे प्रकरण गंभीर, हे मिस्त्रींना पंधरा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

"दादा, राग मानू नका," शेवटी तो म्हणाला. "लंबू विचारतोय, कायमचा राहू का म्हणून. महिनाअखेरीस सांगतो म्हटलंय मी त्याला. दोन जमिनीवाले ठेवण्याइतकं काम नाही आपल्याकडे. तुम्ही गुडघ्यावर बसणार की नाही, तेवढं मला सांगा."

"बसणार," मिस्त्री म्हणाले.

"डॉक्टरला विचारून सांगा."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री दवाखान्यात गेले. व्यायामाच्या खोलीत भिंतीला लाकडी शिडी, दोन सायकली, तीन उंच पलंग. खिडकीजवळची एक फरशी पोकळ होती. मॅडम तिच्यावरून चालली की वेगळा आवाज यायचा, आणि मिस्त्रींना तो प्रत्येक वेळी टोचायचा. मॅडमने त्यांना पलंगावर झोपवलं, पारदर्शक प्लॅस्टिकचं कोनमापक गुडघ्याला लावलं आणि टाच मागे ढकलली. पुन्हा ढकलली. तिचा चेहरा उतरला.

"काका, हे बासष्ट आहे."

"एकशे अठरा आहे. सकाळीच मापलंय."

"नाही हो. बासष्ट."

मिस्त्री उठून बसले, पिशवीतून कोनपट्टी काढली आणि स्वतः लावली. "हे बघा. एकशे अठरा."

मॅडमने आपलं प्लॅस्टिक त्याच्या शेजारी धरलं. तिच्या मापकात पाय सरळ असला की शून्य, आणि वाकेल तसा आकडा वाढायचा. मिस्त्रींच्या पट्टीत पाय सरळ असला की एकशे ऐंशी, आणि वाकेल तसा कमी व्हायचा. फक्त नव्वदला दोघांचं जमायचं. बासष्ट आणि एकशे अठरा, बेरीज एकशे ऐंशी. बेरीज आधी मिस्त्रींनी केली. फरश्या कापणाऱ्याला तेवढं गणित येतं.

"तुम्ही पट्टा कितीवर ठेवला होता?" मॅडमने हळू आवाजात विचारलं.

मिस्त्रींनी सांगितलं. आठ आठवडे त्यांनी गुडघा वाकवायचा सोडून स्वतःच्या हाताने बांधून ठेवला होता. मॅडमने फाइल उघडली. तिथे तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, एकशे वीस, फोनवर. तिने ते बोटाने झाकलं आणि मग बोट काढून घेतलं. मिस्त्रींना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. चूक कुणीही करतं, पण मापात चूक, आणि ती वस्तादांच्या पट्टीने!

डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला. आत जखम भरताना चिवट जाळ्या धरल्या होत्या. "तीन आठवडे देतो," ते म्हणाले. "रोज यायचं. शंभर झाले तर ठीक. नाही झाले तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. भूल देऊन गुडघा जोराने वाकवायचा. त्यात नवं लिगामेंट टिकेलच अशी खात्री देता येत नाही."

"आणि जमिनीवर गुडघे टेकून काम?"

"आधी शंभर," डॉक्टर म्हणाले.

घरी मिस्त्रीणबाई शिलाईच्या मशीनवर बसल्या होत्या. लोकांचे कपडे उसवून मापात आणून देण्याचं काम त्या घरी करायच्या. ओळखीच्या सगळ्या बायका म्हणायच्या की यांच्या हाताखालून गेलेला कपडा दुसऱ्याच दिवशी अंगाला बसतो. मिस्त्रींनी तीन आठवड्यांचं सांगितलं, टेबलाचं सांगितलं. पट्टीचं तेवढं राहिलं. सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्याआधीच मिस्त्रीणबाई कडाडल्या.

"त्या पोरीचंच काम हे! नीट शिकवलं नाही तुम्हाला. फोनवर शाब्बास शाब्बास करायला काय जातं हिचं? मी येते एकदा आणि बघतेच तिच्याकडे."

मिस्त्रींनी तोंड मिटलं. आता सांगू, जेवण झाल्यावर सांगू, उद्या सांगू, असं करत तो दिवस गेला. साडूनेही ऐकलं आणि म्हणाला, "हल्ली नवशिके ठेवतात दवाखान्यात." तेव्हाही मिस्त्री खाली बघत राहिले. जितका उशीर झाला तितकं सांगणं अवघड होत गेलं. आपण गप्प बसून एका मुलीच्या डोक्यावर खापर फोडतोय, हे त्यांना कळत होतं.

आणि ती मुलगी रोज त्यांचा गुडघा वाकवत होती. गरम पिशवीने शेक, मग सायकल, तिचं पेडल पूर्ण फिरायचं नाही, अर्धं पुढे अर्धं मागे. मग पालथं झोपायचं, घोट्याला पट्टा बांधायचा, पट्ट्याचं टोक खांद्यावरून हातात घ्यायचं आणि टाच ओढायची. शेवटी मॅडम आपला खांदा नडगीला लावून रेटायची. गुडघ्याच्या वाटीखाली आग व्हायची, मागून कुणी दोर पिळल्यासारखं व्हायचं, आणि मिस्त्री पलंगाची कड दोन्ही हातांनी धरायचे.

"काका, दात आवळू नका. तुम्ही दात आवळले की गुडघाही आवळतो. श्वास सोडा."

"सोडतोय."

"कुठे सोडताय? ओरडा हवं तर."

मिस्त्री ओरडत नसत. ओरडायचा हक्क आपल्याला नाही, असं त्यांना वाटायचं.

पहिल्या आठवड्याअखेर एकाहत्तर. गुडघा सुजून भोपळा झाला, एक दिवस सुट्टी द्यावी लागली, आणि सुट्टीनंतर आकडा अडुसष्टवर आला. दुसऱ्या आठवड्यात ब्याऐंशी. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं टाकताना भिंतीचा आधार लागायचा, बाहेर पडताना काठीचा. जिना चढता यायचा, उतरताना मात्र एकेक पायरी आडवं व्हावं लागायचं. घरी खुर्चीत बसून ते डावा पाय उजव्यावर टाकून मागे ढकलायचे. घाम गळायचा, आणि मशीनचा आवाज थांबायचा. मिस्त्रीणबाई पाण्याचा पेला आणून शेजारी ठेवायच्या, आणि पुन्हा मशीनवर बसल्या की त्या पोरीचा उद्धार सुरू.

तिसऱ्या आठवड्यात गुडघा एकोणनव्वदला अडकला. सोमवारी एकोणनव्वद, मंगळवारी एकोणनव्वद, बुधवारी अठ्ठ्याऐंशी. गुरुवारी मॅडमने पाच मिनिटं रेटलं, मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मापक एक्क्याण्णव म्हणालं. शुक्रवारी डॉक्टर बघणार होते. त्याच दिवशी साडूला उत्तर हवं होतं. टेबल, भूल आणि तुटू शकणारं लिगामेंट, एवढंच मिस्त्रींच्या डोक्यात घुमत होतं. फरशीशिवाय दुसरं काही आपल्याला येत नाही, आणि या वयात येणारही नाही, हे त्यांना पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं आणि भीती वाटली.

शुक्रवारी मिस्त्रीणबाई मशीनवर कापड झाकून सोबत निघाल्या. मिस्त्रींनी चार वेळा नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. दोन्ही बसमध्ये त्या बोलल्या नाहीत, म्हणजे सगळं बोलणं साठवून ठेवत होत्या.

मिस्त्री पलंगावर पालथे झोपले होते, मॅडम घोट्याला पट्टा बांधत होती, आणि डॉक्टर नुकतेच दारातून आत आले होते. मिस्त्रीणबाईंनी तोच मुहूर्त साधला.

"डॉक्टर, तुमच्यासमोरच बोलते. हा माणूस सव्वीस वर्षं गुडघ्यावर कमावतोय. तुम्ही त्याला एका शिकाऊ पोरीच्या हातात दिलंत. हिने ना नीट सांगितलं, ना घरी येऊन बघितलं. फोनवरून शाब्बास! आणि आता टेबलावर घ्यायचं म्हणता? लिगामेंट तुटलं तर कोण भरून देणार? ही देणार?"

मॅडमचे हात पट्ट्यावर थांबले. तिचे कान लाल झाले. खरं काय ते तिला माहीत होतं, फाइलमध्येही होतं, तरी ती मिस्त्रींकडे न बघता खाली बघत राहिली. तिने आपल्याला उघडं पाडलं नाही, हे मिस्त्रींना समजलं. पालथ्या माणसाला भांडणात पडता येत नाही. ते धडपडत उठून बसले.

"थांब गं. चूक तिची नाही."

"तुम्ही मध्ये बोलू नका."

"माझी आहे. मी केली." त्यांनी पिशवी ओढली, कोनपट्टी काढून चादरीवर ठेवली. "तिने एकशे वीस लिहून दिलं, ते वाकवायचं होतं. मी माझ्या पट्टीने मापलं आणि उलटं केलं. पट्ट्याची खुंटीसुद्धा मीच हलवली. आठवतंय ना, कंपनीने आकडे उलटे छापलेत म्हणालो होतो? कंपनीचे बरोबर होते. पाय मीच आठ आठवडे बांधून ठेवला. हिला मी फोनवर खोटा आकडा दिला, खरा समजून."

खोलीत पलीकडची सायकल फिरायची थांबली.

"तीन आठवडे मी हिला वाट्टेल ते बोलतेय," मिस्त्रीणबाई सावकाश म्हणाल्या. "आणि तुम्ही बसून ऐकताय?"

"हो. लाज वाटली म्हणून."

मिस्त्रीणबाईंनी कोनपट्टी उचलली, उघडली, मिटली, तबकडी डोळ्यांजवळ नेली. "मी टेप हातात घेतली की आधी शून्य कुठल्या टोकाला आहे ते बघते. सव्वीस वर्षांचे मिस्त्री तुम्ही, एवढं विचारता आलं नाही?" मग त्या मॅडमकडे वळल्या. "माझं चुकलं गं बाळ."

"माझंही चुकलं काकू," मॅडम म्हणाली. "न बघता लिहिलं मी."

"आता बघून लिहा," डॉक्टर म्हणाले. "झोपा मिस्त्री."

मिस्त्री पुन्हा पालथे झाले. मॅडमने खांदा लावला. कळ आली, नेहमीच्या जागी, नेहमीसारखीच, आणि या वेळी मिस्त्री ओरडले. चांगले मोठ्याने ओरडले. मिस्त्रीणबाईंनी त्यांचा हात धरला, तो त्यांनी इतका दाबला की बांगडी रुतली. श्वास सुटला. मॅडमने आणखी रेटलं, थांबली, पुन्हा रेटलं. मग तिने मापक लावलं आणि दोनदा बघितलं.

"अठ्ठ्याण्णव."

दोन कमी. मॅडम फाइल घेऊन मिस्त्रींच्या डोक्याशी वाकली. डॉक्टर हात धुवायला वळले होते. ती अगदी हळू म्हणाली, "शंभर लिहिते काका. दोनच तर अंश आहेत."

मिस्त्रींच्या मनात टेबल येऊन गेलं. साडू आला, लंबू आला. शंभर लिहिलं की सुटका होती, आणि कुणाला कळलंही नसतं.

"नको," ते म्हणाले. "एकदा न बघता चुकीचं लिहिलंत. आता बघून चुकीचं लिहू नका. अठ्ठ्याण्णव आहे, अठ्ठ्याण्णव लिहा."

तिने लिहिलं. डॉक्टर आले, फाइल वाचली आणि स्वतः पाय हातात घेतला. मुद्दाम शेवटापर्यंत नेला, तिथे हलकेच दाबत राहिले, सोडला, पुन्हा दाबला.

"तीन आठवड्यांपूर्वी शेवटी दगड लागत होता," डॉक्टर म्हणाले. "आता रबर लागतंय. रबर असेल तर ते ताणता येतं. टेबल नको. पण रोज यायचं, आणखी दोन महिने. काम जपून, थोडं थोडं. दुखणार आहे, वर्षभर दुखेल."

"दुखू दे," मिस्त्री म्हणाले. जाताना त्यांनी खिडकीजवळच्या पोकळ फरशीवर काठी आपटली. "ही मी बसवून देईन, मॅडम. कधीची त्रास देतेय."

दुपारी ते दालनात पोचले, मिस्त्रीणबाईंसकट. लंबूने काम चोख उरकत आणलं होतं. दारापाशी तेवढी शेवटची ओळ राहिली होती, आठ फरश्या. साडू भिंतीवरचे सांधे पुसत होता. मिस्त्रींनी आधी त्याला पट्टीची सगळी हकीकत सांगितली. नाहीतरी संध्याकाळपर्यंत बहिणीबहिणींच्या फोनवरून ती त्याच्या घरी पोचणारच होती. साडू ऐकत राहिला. सुतावरून पंधरा वर्षं बोलणी खाल्लेल्या माणसाला अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. पण त्याने ती जाऊ दिली आणि हातातलं फडकं खाली ठेवलं.

"आता उत्तर बघ," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी रिकामं पोतं चौघडी करून ठेवलं. डावा गुडघा टेकला. दोन्ही हात जमिनीवर ठेवले आणि उजवा खाली न्यायला लागले. अर्ध्यावर छिन्नी लागली. ते थांबले, तोंड उघडून श्वास सोडला, आणखी खाली गेले. गुडघा पोत्याला लागला. टाचांवर बसता येत नव्हतं, पाठ ताठ ठेवावी लागत होती, आणि कपाळावरून घाम मालात पडत होता. पण ते गुडघ्यांवर होते. त्यांनी पांढरी फरशी घेतली, टेकवली, रबरी हातोड्याने चारही कोपरे ठोकले. मग लेव्हल उचलली, आणि स्वतः न ठेवता साडूपुढे धरली.

"तू बघ. माझ्या नजरेवर विसंबू नकोस."

साडूने लेव्हल ठेवली, वाकून बुडबुडा बघितला. "सूतभर वर आहे, दादा. राहू द्या. वरून चालणाऱ्याला काय कळतंय?"

मिस्त्रींनी तोपर्यंत थापी खाली घालून फरशी उचललीही होती. त्यांनी माल खरवडला, सारखा केला, फरशी पुन्हा ठेवली. पुढे झुकताना कळ मांडीपर्यंत गेली, तेव्हा त्यांच्या तोंडून आवाज निघाला, आणि दारात उभ्या मिस्त्रीणबाईंनी पदराने डोळे टिपले. साडूने पुन्हा लेव्हल ठेवली. बुडबुडा मध्यावर येऊन थांबला.

"बरोबर आहे," साडू म्हणाला. त्याने हात पुढे केला. "चला, उठा आता. पुरे."

मिस्त्रींनी त्या हाताकडे बघितलं. आपल्याला एकट्याला उठता येणार नाही, हे त्यांना खाली बसतानाच कळलं होतं.

"उठायचं नंतर बघू," ते म्हणाले. "उठवायला तू आहेसच. दुसरी फरशी दे."

साडू हलला नाही, म्हणून फरश्यांच्या थप्पीशी उभ्या लंबूनेच तिच्यातून एक काळी फरशी काढली, ओल्या फडक्याने तिची पाठ पुसली आणि मिस्त्रींच्या हातात दिली.